गुडघेबदल, हिमोग्लोबिन ९.४ आणि रक्ताच्या दोन बाटल्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: आईंचं वय ६६, वजन ६० किलो, दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलायचं ठरलं आहे. हिमोग्लोबिन ९.४. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. सर्जननी दोन बाटल्या रक्ताची सोय करायला सांगितली आहे. रक्त न चढवता हे जमेल का, आणि चढवावंच लागलं तर दोन्ही मुलांनी स्वतःचं रक्त आईला दिलेलं चांगलं का?

मी भूलतज्ज्ञ आहे आणि बरीच वर्षं मुख्यतः हाडांच्या ऑपरेशनना भूल देत आले आहे. माझं उत्तर असं: रक्त न चढवता गुडघेबदल होतो, आज बहुतेक ठिकाणी तसाच होतो. पण ९.४ हिमोग्लोबिनवर, दोन्ही गुडघे एकदम आणि तेही पुढच्या आठवड्यात, असं असेल तर मी तुम्हाला तशी आशा दाखवणार नाही. बाटली लागणार की नाही हे ऑपरेशन टेबलावर फार थोडं ठरतं. ते ठरतं त्याआधीच्या चार-सहा आठवड्यांत.

आकडे मांडून बघा. साठ किलोच्या बाईच्या अंगात किलोमागे ६५ मिली धरलं तर सुमारे ३,९०० मिली रक्त असतं. हिमोग्लोबिन ८ पर्यंत उतरलं तरी चालेल असं धरू (हा ८ कुठून आला ते पुढे सांगते). सुरुवात ९.४ पासून असेल तर ८ ला पोहोचेपर्यंत किती रक्त गेलेलं चालेल? ३,९०० गुणिले १.४ भागिले ९.४, म्हणजे साधारण ५८० मिली. त्याच आईंचं हिमोग्लोबिन १३ असतं तर ३,९०० गुणिले ५ भागिले १३, म्हणजे १,५०० मिली. एका गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये, खास औषधं न देता, एकूण ८०० ते १,५०० मिली रक्त जातं. टेबलावर एवढं दिसत नाही, कारण बराचसा भाग नंतर सांध्यात आणि मांडीच्या स्नायूंत झिरपत राहतो. ५८० मिलीच्या शिलकीवर दोन गुडघ्यांचा खर्च भागत नाही. सर्जननी दोन बाटल्या सांगितल्या त्यात वावगं काही नाही. हिमोग्लोबिन आहे तेवढंच राहणार असं धरलं, तर त्यांचा हिशोब बरोबर आहे.

म्हणून तुमच्या जागी मी असते तर पहिला प्रश्न रक्ताचा विचारला नसता. ‘ऑपरेशन पाच-सहा आठवडे पुढे ढकलता येईल का?’ हा विचारला असता. झिजलेला गुडघा आणखी सहा आठवड्यांनी काही बिघडत नाही, दुखतं तेवढंच दुखतं. ऑपरेशन ठरवून करायचं आहे, तारीख आपल्या हातात आहे. मुलांची रजा, परदेशातून येणारी बहीण, विम्याची मुदत, यांमुळे तारीख हलवायला घरचेच तयार नसतात हे मी पुष्कळदा पाहिलंय.

आता, हिमोग्लोबिन कमी का आहे? भारतात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, हा २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतला आकडा. त्यामुळे ‘बायकांचं एवढंच असतं’ असं म्हणून पुढे जायची आपल्याकडे सवय आहे. पण सहासष्टाव्या वर्षी पाळी थांबून दीड तप उलटलेलं असतं. मग रक्त जातंय कुठे? गुडघेदुखीच्या रुग्णात माझा पहिला संशय वेदनाशामक गोळ्यांवर असतो. वर्षानुवर्षं मेडिकलमधून परस्पर आणून घेतलेल्या डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी जठरात बारीक जखमा होतात आणि थेंबथेंब रक्त शौचावाटे जात राहतं, डोळ्यांना दिसतही नाही. शौचातल्या लपलेल्या रक्ताची तपासणी आणि गरजेप्रमाणे दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. या वयात नवीन सापडलेल्या लोहकमतरतेमागे आतड्याचा कर्करोगही असू शकतो, आणि तसं निघालं तर गुडघा बाजूला राहतो.

तपासण्या फार नाहीत. साध्या सीबीसीमध्येच, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीतच, ‘एमसीव्ही’ म्हणजे लाल पेशींचा आकार दिलेला असतो. पेशी लहान असतील तर बहुधा लोह कमी, मोठ्या असतील तर बी-१२ किंवा फोलेट कमी. सोबत फेरिटिन (लोहाचा साठा), ट्रान्स्फेरिन सॅच्युरेशन (रक्तात वाहून नेलं जाणारं लोह), बी-१२, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि सीआरपी (अंगातला दाह दाखवणारी चाचणी). फेरिटिन ३० च्या खाली म्हणजे लोहाची कमतरता नक्की. पण अंगात सूज-दाह असेल तर फेरिटिन खोटं वर दिसतं. म्हणून सीआरपी वाढलेला असेल किंवा सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असेल, तर फेरिटिन १०० पर्यंत असूनही आम्ही लोह कमीच मानतो.

बी-१२ कडे मुद्दाम बघा. आई शाकाहारी असतील, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल आणि ॲसिडिटीसाठी रोज पॅन्टोप्राझोल, तर तिन्ही गोष्टी बी-१२ खालीच ओढतात. दुसरं, पेशी खूप लहान पण त्यांची संख्या मात्र भरपूर असेल, तर थॅलेसेमिया मायनरचा, म्हणजे हिमोग्लोबिन कमी बनण्याच्या सौम्य आनुवंशिक दोषाचा, विचार करावा लागतो. सिंधी, लोहाणा, भानुशाली कुटुंबांत तो जास्त आढळतो. अशा माणसाचं हिमोग्लोबिन लहानपणापासून थोडं कमीच असतं, आणि लोहाची कमतरता नसताना लोह देण्यात अर्थ नसतो. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलची (लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात तो आनुवंशिक आजार) चाचणी केल्याशिवाय मी मांडीला टूर्निके, म्हणजे रक्तपुरवठा थांबवणारा पट्टा, बांधू देत नाही. सिकलसेलमुळे खुब्याच्या हाडाचा गोळा मरतो, त्यामुळे तरुण वयात खुबा बदलायला आलेल्यांत असे रुग्ण भेटतातच.

समजा लोहच कमी निघालं. बीट, खजूर, डाळिंब घरोघरी सुरू होतं. खाऊ द्या, वाईट काही नाही. पण हिशोब असा: वजन गुणिले हिमोग्लोबिनमधली तूट गुणिले २.४, अधिक साठ्यासाठी ५०० मिलिग्रॅम. आईंना ९.४ वरून १३ ला न्यायचं तर ६० × ३.६ × २.४ म्हणजे सुमारे ५२०, अधिक ५००. एक हजार मिलिग्रॅमच्या वर लोह हवं. शंभर ग्रॅम बिटात लोह एक मिलिग्रॅमच्या आसपास, आणि त्यातलंही थोडंच अंगी लागतं. सहा आठवड्यांत हे अंतर बिटाने कापलं जाणार नाही.

गोळ्यांनी कापलं जातं, पण सावकाश. आणि गोळ्या चुकीच्या तऱ्हेने घेतल्या जातात. हाडांच्या डॉक्टरांनी कॅल्शियम दिलेलं असतं, फिजिशियननी लोह दिलेलं असतं, आणि आई दोन्ही गोळ्या सकाळी चहाबरोबर एकदम घेतात. कॅल्शियम आणि चहा दोन्ही लोहाला आतड्यात अडवतात. लोहाची गोळी उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, चहा-कॉफी तासभर लांब ठेवावी, कॅल्शियम रात्री. दिवसातून दोनदा घेतल्याने दुप्पट फायदा होत नाही. मोठा डोस गेला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि पुढचं चोवीस तास शोषण मंदावतं. म्हणून दिवसातून एकदा, किंवा पोटाला सोसत नसेल तर एक दिवसाआड घेतलेली गोळी बऱ्याच जणांना अधिक लागू पडते.

तुमच्याकडे वेळ कमी आहे, म्हणून मी शिरेतून लोह सुचवेन. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज एका वेळी १,००० मिलिग्रॅमपर्यंत सलाईनमधून साधारण पंधरा मिनिटांत देता येतं. आयर्न सुक्रोज स्वस्त आहे, पण ते २००-२०० मिलिग्रॅमचे हप्ते करून द्यावं लागतं, म्हणजे पाच फेऱ्या. दोन्ही दवाखान्यातच, ॲलर्जीवरच्या उपचाराची तयारी ठेवून द्यायची. परिणाम आठवड्यानंतर दिसू लागतो आणि तीन-चार आठवड्यांत चांगला दिसतो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दिलेल्या लोहाने त्या ऑपरेशनपुरता काही फरक पडत नाही. हेही सांगायला हवं की शिरेतलं लोह सरसकट दिलं म्हणजे बाटल्या वाचतातच असं नाही. पोटाच्या मोठ्या ऑपरेशनआधी लोह दिलेल्या रुग्णांचा ब्रिटनमधला प्रिव्हेंट हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात रक्त चढवण्याचं प्रमाण कमी झालं नाही. ज्याला लोहच कमी आहे त्याला, आणि हातात पुरेसे आठवडे ठेवून, दिलं तर मला त्याचा उपयोग दिसतो. लाल पेशी बनवायला लावणाऱ्या एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शनही हिमोग्लोबिन वाढवतं, पण रक्ताच्या गुठळ्यांची भीती वाढते. गुडघ्यासाठी मी क्वचितच त्या वाटेला जाते.

बायकांसाठी १२ पुरे असं पुस्तकात असलं तरी ऑपरेशनआधी माझं लक्ष्य स्त्री-पुरुष दोघांना १३ असतं. गुडघा तोच, कापाकापी तेवढीच, रक्त जातं तेवढंच. बाईच्या अंगात मुळात रक्त कमी, म्हणून तिला जास्त तयारीनिशी टेबलावर यायला हवं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल एकच गोष्ट: स्वतःच्या मनाने बंद करू नका. क्लोपिडोग्रेल साधारण पाच ते सात दिवस आधी थांबवतात, वॉरफरिन पाच दिवस, एपिक्सॅबॅन-रिव्हारोक्सॅबॅन दोन-तीन दिवस. पण हृदयात स्टेंट बसवून वर्षही झालं नसेल तर हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांचा. लसणाच्या कॅप्सूल, माशाच्या तेलाच्या गोळ्या, कुणी दिलेलं चूर्ण, हेसुद्धा भूलतज्ज्ञाला सांगा. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

दोन्ही गुडघे एकदम करावेत का? आपल्याकडे ही पद्धत फार रुळली आहे आणि त्याची कारणं मला कळतात: एकच भूल, एकच मुक्काम, एकच बिल, एकदाच फिजिओथेरपी. हृदय धडधाकट आणि हिमोग्लोबिन १३ च्या वर असेल तर मी हरकत घेत नाही. ९.४ वर मात्र घेते. दोन ऑपरेशनांत काही महिन्यांचं अंतर ठेवलं तर मधल्या काळात शरीर आपलं रक्त आपण भरून काढतं.

आता ऑपरेशनच्या दिवशी काय होतं ते. इथे एकच औषध बाकी सगळ्यांच्या वर आहे: ट्रानेक्झॅमिक ॲसिड. उताको आणि शोसुके ओकामोतो या जपानी दांपत्याने ते शोधलं, १९६२ मध्ये प्रसिद्ध केलं. बाळंतपणातल्या रक्तस्रावाने दगावणाऱ्या बायका त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. ते रक्त गोठवत नाही, गोठलेली गुठळी विरघळण्यापासून वाचवतं. चीर देण्याआधी एक ग्रॅम शिरेतून, पुढे टाके घालताना किंवा तीन तासांनी दुसरा डोस, काही सर्जन सांध्यातही सोडतात. गुडघा-खुबा बदलताना रक्त चढवण्याची वेळ येण्याचं प्रमाण यामुळे निम्म्याहून खाली आलं. आणि किंमत ऑपरेशनच्या बिलात दिसणारही नाही इतकी किरकोळ.

यावर नेहमीचा प्रश्न: गुठळी टिकवणारं औषध, मग हार्ट ॲटॅक येणार नाही का? २०२२ मधल्या पॉइझ-३ अभ्यासात हृदयाखेरीज इतर ऑपरेशनचे ९,५३५ रुग्ण होते. मोठा रक्तस्राव औषध दिलेल्यांत ९.१ टक्के, न दिलेल्यांत ११.७ टक्के. हृदय, मेंदू आणि रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना १४.२ आणि १३.९ टक्के. धोका मुळीच वाढत नाही हे गणिताच्या काटेकोर कसोटीवर सिद्ध झालेलं नाही, पण फरक इतका थोडा आहे की नुकतीच गुठळी होऊन गेलेला रुग्ण सोडला तर मी हे औषध टाळत नाही. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी करते, फिटचा आजार असेल तर मोठे डोस टाळते. आमच्या धंद्यातली एक भीती सांगते. या औषधाची काचेची कुपी पाठीत द्यायच्या भुलीच्या कुपीसारखी दिसू शकते, आणि चुकून पाठीत गेली तर झटके येऊन माणूस दगावतो. म्हणून ती भुलीच्या ट्रेमध्ये ठेवायचीच नाही, असा माझा ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नियम आहे.

दुसरी गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे थंडी. ओटीचा एसी, गार सलाईन, उघडं अंग. शरीराचं तापमान एक अंशानेही उतरलं तरी रक्त गोठवणारी यंत्रणा सुस्तावते. खुबेबदलाच्या रुग्णांवरचा व्हिएन्नातला १९९६ चा अभ्यास आहे: थंड पडलेल्यांचं रक्त सरासरी २.२ लिटर गेलं, ऊबदार ठेवलेल्यांचं १.७. गरम हवेचं पांघरूण आणि कोमट सलाईन एवढ्यानेच अर्धा लिटर रक्त वाचलं.

बाकीचं झटकन सांगते. टूर्निकेने टेबलावर रक्त दिसत नाही, पण सोडल्यावर झिरपतंच, एकूण हिशोबात फारसा फरक नाही. साठलेलं रक्त बाहेर काढणारी ड्रेनची नळी सांध्यात ठेवली की रक्त चढवण्याची गरज उलट वाढते, म्हणून बरेच सर्जन आता ती ठेवत नाहीत. सांडलेलं रक्त गोळा करून, धुऊन परत देणारं सेल सेव्हर यंत्र आधी बसवलेला कृत्रिम खुबा काढून नवा बसवताना, कण्याच्या मोठ्या ऑपरेशनात आणि कमरेच्या हाडांच्या फ्रॅक्चरमध्ये उपयोगी. पहिल्यांदाच गुडघा बदलताना त्याचा खर्च वसूल होत नाही. स्वतःचंच रक्त आधी काढून ठेवायची पद्धत एके काळी जोरात होती, आता मागे पडली, कारण रक्त काढल्याने माणूस ऑपरेशनला आणखी पांढरा होऊन येतो.

आता तो ८ चा आकडा. १९४२ मध्ये ॲडम्स आणि लंडी या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी हिमोग्लोबिन ८ ते १० च्या खाली असेल तर ऑपरेशनआधी रक्त द्यावं असं सुचवलं आणि पुढची कित्येक दशकं त्यातला १० हा आकडा वेदवाक्य झाला. १९९९ मध्ये कॅनडात अतिदक्षता विभागातल्या ८३८ रुग्णांवर ७ ची आणि १० ची मर्यादा ताडून पाहिली. ७ वाल्यांचं काही बिघडलं नाही. आपल्या कामाचा अभ्यास २०११ चा फोकस: खुब्याचं फ्रॅक्चर झालेले, हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका असलेले २,०१६ रुग्ण, सरासरी वय ८० च्या वर. निम्म्यांना १० च्या खाली गेलं की रक्त, उरलेल्यांना ८ च्या खाली गेल्यावर किंवा लक्षणं दिसल्यावर. साठ दिवसांनी मृत्यू आणि चालता न येणं, दोन्हींत फरक नाही. दुसऱ्या गटातल्या ५९ टक्के लोकांना एकही बाटली लागली नाही. धार्मिक कारणाने रक्त नाकारणाऱ्या रुग्णांवरचा २००२ चा अभ्यासही बोलका आहे: ऑपरेशननंतर हिमोग्लोबिन ७.१ ते ८ राहिलेल्यांत तीस दिवसांत एकही मृत्यू नव्हता, ४.१ ते ५ पर्यंत उतरलेल्यांत सुमारे एक तृतीयांश दगावले. म्हणजे खाली एक कडा आहे, आणि आपण तिच्यापासून बरंच अलीकडे थांबतो.

म्हणून हाडांच्या ऑपरेशनला आणि हृदयविकाराच्या रुग्णांना ८ ही मर्यादा आज बहुतेक मार्गदर्शिकांत आहे. पण मी नुसता आकडा बघत नाही. छातीत दुखणं, सलाईन देऊनही न उतरणारी नाडी, उभं राहताच भोवळ, धाप, यांपैकी काही असेल तर ८.६ लाही रक्त देते. नुकताच हार्ट ॲटॅक आलेल्यांना हा नियम लावू नये. २०२३ च्या मिंट अभ्यासाचा कल त्यांना थोडं वर ठेवावं असाच आहे. उलट दुसऱ्या दिवशी सकाळी रिपोर्ट ७.९ आला, बाई अंथरुणात बसून पोहे खातायत आणि रात्रभरात दोन लिटर सलाईन गेलंय, तर तो आकडा पातळ झालेल्या रक्ताचा आहे. मी थांबते, पुन्हा तपासते.

आणि द्यायचंच तर एक बाटली द्यायची, मग पुन्हा बघायचं. आमच्या शिक्षणाच्या काळात ‘एकच बाटली देणार असाल तर तिची गरजच नव्हती’ असं ठासून सांगत. परिणाम असा की सगळ्यांना दोन मिळायच्या. एका बाटलीने हिमोग्लोबिन साधारण १ ने वाढतं, तेवढं पुष्कळदा पुरतं. लहान चणीच्या वयस्क बाईला दोन बाटल्या भराभर गेल्या तर फुप्फुसात पाणी साठतं. रक्त चढवल्याने होणाऱ्या मृत्यूंत अनेक देशांत हे वरच्या क्रमांकाचं कारण आहे, एचआयव्ही किंवा कावीळ नव्हे.

राहिलं मुलांचं रक्त. भावना समजते, पण देऊ नका. आई-मुलाच्या पेशी निम्म्या सारख्या असतात, त्यामुळे मुलाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी आईच्या शरीराला परक्या वाटत नाहीत. त्या तिथे रुजतात आणि तिच्याच अवयवांवर उठतात. हे दुर्मिळ आहे, पण झालं तर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. ते टाळायला रक्तावर किरणांचा मारा करावा लागतो आणि ती सोय मोजक्याच रक्तपेढ्यांत आहे. तुम्ही दोघं रक्तदान जरूर करा, विशेषतः मे महिन्यात, कॉलेजं बंद आणि शिबिरं थंडावलेली असतात तेव्हा. ते रक्त कुणा अनोळखी माणसाला जाऊ द्या, आईंना रक्तपेढीतलं घ्या. ‘ताजंच हवं’ हा आग्रहही नको. २०१५ मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासांत ताज्या रक्ताचा जास्त फायदा दिसला नाही.

बाटली तयार ठेवणं आणि चढवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रक्तपेढी त्याच इमारतीत असेल तर रक्तगट आणि अँटिबॉडी तपासून ठेवलं तरी भागतं. तालुक्याच्या गावी, रक्तपेढी चाळीस किलोमीटरवर असेल तर सर्जननी बाटली आणून ठेवायला सांगणं हा शहाणपणा आहे. ती न वापरता परत गेली तर पैसे वाया गेले असं समजू नका.

पडून खुब्याचं हाड मोडलेल्या माणसाला मात्र यातलं पुष्कळ लागू नाही. तिथे सहा आठवडे नसतात, दोन दिवसांत ऑपरेशन व्हायला हवं. दाखल होतानाचं ११.५ फसवं असतं, कारण फ्रॅक्चरच्या जागी रक्त साठत असतं आणि अंगात पाणी कमी असतं. सलाईन गेलं की तेच ९ होतं. तिथे ट्रानेक्झॅमिक, ऊब आणि ८ ची मर्यादा एवढंच हातात असतं, आणि रक्त लागलं तर बेलाशक द्यावं.

आईंसाठी सर्जनना आणि भूलतज्ज्ञांना एवढं विचारा: रक्तक्षयाचं कारण शोधून मग तारीख ठरवूया का, एका वेळी एकच गुडघा करता येईल का, ट्रानेक्झॅमिक देणार ना, आणि रक्त कोणत्या आकड्याला किंवा लक्षणाला द्याल. ऑपरेशनपूर्व भूलतपासणी आदल्या संध्याकाळी न होता महिनाभर आधी व्हावी यासाठी हट्ट धरा. ऑपरेशननंतर घरी आल्यावर पहिले काही आठवडे अंगातल्या दाहामुळे लोहाच्या गोळ्या नीट शोषल्या जात नाहीत. त्यामुळे हिमोग्लोबिन रेंगाळलं तर शिरेतून लोह पुन्हा लागू शकतं. महिन्याने सीबीसी आणि फेरिटिन करून घ्या, आणि दुसऱ्या गुडघ्याची तारीख ते रिपोर्ट बघूनच ठरवा.